भिंतीपलीकडची उजळणी

आज मुलीला भूगोलाच्या पेपरला सोडून तेलीबागला घरी परतताना मोहोराचा वास आला आणि मी गाडी कडेला थांबवली.

तेव्हाही परीक्षेचेच दिवस होते. आम्ही इथेच लखनऊ छावणीत राहायचो, बाबा सीमेवर होते. शेजारच्या मीनूचे पापाही तिकडेच. शाळेची बस येईपर्यंत आई नकाशावर माझी भूगोलाची उजळणी घेत होती. भिंतीपलीकडे मीनू मोठमोठ्याने सनावळ्या पाठ करत होती.

बाहेर जीप थांबली. कर्नलसाहेब उतरले, पाठोपाठ त्यांची बायको. साहेब-मेमसाहेब असे सकाळी जोडीने कसली बातमी घेऊन येतात, ते छावणीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

आईनेही त्यांना पाहिलं. तिचं बोट नकाशावरून हललं नाही.

"झोजी ला खिंड कुठे आहे?"

"आई, वो लोग..."

"आधी दाखव."

तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. आता कळतं, तिला मला आणखी मिनिटभर नुसती परीक्षेचीच भीती वाटू द्यायची होती.

मी खिंडीवर बोट ठेवलं. फाटक करकरलं, पण आमचं नाही. आईने रोखलेला श्वास सोडला.

भिंतीपलीकडे मीनू अठराशे सत्तावनपर्यंत आली आणि थांबली.