'ट्रस्टवर्दी'चं उदाहरण

माझे काका जन्माचे संशयी. दाराला कुलूप लावून जिना उतरायचे आणि परत वर येऊन ते ओढून बघायचे. दूधवाल्याच्या तोंडावर दूध मापायचे. अशा माणसाने इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम घेतलं होतं. एका कार्डावर एक शब्द, त्याचा अर्थ आणि वापराचं एक वाक्य. काका हाताने लिहायचे, काकू टाइप करायची. तीस वर्षांत तिने स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. तरी तिचं प्रत्येक कार्ड काका बोट ठेवून ताडून बघायचे. तिला ते लागायचं. मी कामावरून त्यांच्याकडेच जेवायला जायचो आणि मुकाट्याने हे बघायचो. काकांचा भयंकर राग यायचा मला.

मग 'ट्रस्टवर्दी' आला. विश्वास टाकावा असा, भरवशाचा. काकांनी बेधडक लिहिलं, 'हे कुलूप ट्रस्टवर्दी आहे.' संपादकांनी कार्ड परत पाठवलं. वस्तूला आपण 'रिलायबल' म्हणतो, हा शब्द बहुधा माणसांसाठी वापरतात, तेव्हा एखादं माणूस घाला, असा शेरा होता.

आता माणूस कुठून आणायचा? खोटं वाक्य लिहायचं नाही, हा काकांचा नेम. सख्खा भाऊ, म्हणजे माझे वडील, बाद झाले. डॉक्टर बाद. माझा तर विचारही झाला नाही. आठवडा गेला. कार्ड आलं की काकू घाईघाईने शब्द बघायची. तिला आशा होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

शेवटी काकांनी कार्ड दिलं: 'माय वाइफ इज सीमिंगली ट्रस्टवर्दी.' माझी बायको भरवशाची आहे, निदान दिसते तरी तशी.

काकूचा चेहरा पडला. तो एक शब्द गाळला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? तिने जसंच्या तसं टाइप करून दिलं.

काका बोट ठेवून वाचू लागले. 'सीमिंगली'वर बोट थांबलं. बराच वेळ हललंच नाही. मग त्यांनी पेन घेतलं आणि तो शब्द खोडला.

"परत टाइप कर," ते हळूच म्हणाले. "आणि पाकिटात घालून चिकटवून टाक. मी बघणार नाही."

मला वाटलं, काकू आता रडणार. तिने कोरं कार्ड यंत्रात चढवलं आणि हात मांडीवर ठेवले.

"नको, बघाच तुम्ही," ती म्हणाली. "नाहीतर मागाहून पाकीट उघडलं असेल का, हाच विचार माझ्या डोक्यात राहील. मला तुमचा भरवसा नाही हो."