खाडीच्या चिखलातला ‘म्हणून’

“पाय गुडघ्यापर्यंत भरलेले होते, मॅडम. खाडीचा काळा चिखल. मी स्वतः पाहिला,” राणे म्हणाले आणि छाती पुढे काढून बसले. राणे म्हणजे कंपनीचे सिक्युरिटी ऑफिसर, फौजेतून निवृत्त झालेले. केस संपली, आता चहा मागवा, असा त्यांचा चेहरा होता.

शेजारी पर्सोनेल मॅनेजर देवधर होते. त्यांनी मला सगळं पुन्हा समजावून सांगितलं, तेही सावकाश, मला मराठी कळतं की नाही याची खात्री नसल्यासारखं. “चोर मागच्या भिंतीवरून आला. मागे खाडी आहे. स्टोअरच्या लादीवर चिखलाची पावलं होती. म्हणजे चोराच्या पायाला चिखल होता. हिराजी नाखवाच्या पायाला चिखल होता. म्हणून हिराजी चोर. साधं लॉजिक आहे, मॅडम.”

बी.ए.ला मी लॉजिक घेतलं होतं. याचा पुढे उपयोग काय, असं घरचे तेव्हा विचारायचे. उपयोग हा, की समोरच्याचं बोलणं ऐकून नेमका कशाने संताप आला ते लगेच सांगता येतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घोडबंदर रोडला तेव्हा टॉवर नव्हते, कारखाने होते. मी डोंबिवलीत राहायचे, ठाण्याला कामगार कायद्याची वकिली करायचे आणि अधूनमधून कंपन्यांच्या ‘डोमेस्टिक एन्क्वायरी’ घ्यायचे. ही भानगड अशी असते: कामगारावर आरोप कंपनी ठेवते, चौकशी करणारा कंपनी नेमते, त्याची फी कंपनी देते, वर समोसेही कंपनीचेच. हे सगळं पचवून त्याने निःपक्षपाती निकाल द्यायचा. त्या निकालाला ‘फाइंडिंग्ज’ म्हणतात.

कंपनी पंप बनवायची. एका रात्री स्टोअरमधून पितळेचे पार्ट गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राणेंनी हिराजीला गेटवर चिखलाच्या पायांनी येताना पाहिलं होतं. हिराजी मशीन ऑपरेटर, खाडीलगतच्या कोळीवाड्यातला, कंपनीत केस पांढरे झालेला. तो सस्पेंड होता. चोरीच्या आरोपाखाली नोकरी गेली असती, तर त्या रस्त्यावरच्या कुठल्याही कारखान्याच्या गेटने त्याला आत घेतलं नसतं. मुलीची सोयरीक ठरत आली होती, ती मंडळीही फाइंडिंग्जची वाट पाहत थांबली होती.

आता देवधरांच्या लॉजिककडे वळू. वकिलाच्या अंगावर काळा कोट असतो. रेल्वेच्या टीसीच्या अंगावरही काळा कोट असतो. म्हणून टीसी वकील होत नाही. तसं असतं तर कल्याण स्टेशनवरच कोर्ट भरलं असतं. दोन माणसांत एक गोष्ट सारखी आहे, एवढ्यावरून ती दोघं एकच ठरत नाहीत. चोराच्या पायाला चिखल, हिराजीच्या पायाला चिखल, ही देवधरांची दोन्ही वाक्यं खरी होती. गडबड त्यांच्या ‘म्हणून’मध्ये होती.

तेवढ्यात हिराजीच्या बाजूने युनियनचे सावंत उभे राहिले. “मॅडम, कामगार कधी चोरी करत नाही. हिराजी कामगार आहे. म्हणून हिराजीने चोरी केलेली नाही!”

यातला ‘म्हणून’ मात्र अगदी निर्दोष. पहिली दोन वाक्यं मान्य केलीत तर तिसरं मान्य करावंच लागतं. अडचण एवढीच, की पहिलं वाक्य खुद्द सावंतांनाही मान्य नसावं. कारखान्याच्या आवारात ते स्वतःच्या सायकलला दोन कुलपं लावायचे. थोडक्यात, मॅनेजमेंटच्या खुर्चीचं लाकूड चांगलं पण सांधा निखळलेला, आणि युनियनच्या खुर्चीचा सांधा घट्ट पण लाकडाला वाळवी. मला यातल्याच एका खुर्चीवर बसून निकाल लिहायचा होता.

मी हिराजीला विचारलं, “चिखल कुठून आला?”

तो तापटच होता, आणि कामावर येण्याआधी खाडीत खेकडे धरायला जायचा. टेबलावर हात आपटून म्हणाला, “खारीन गेल्तो, चिंबोऱ्या पकराला. रोज जातंय. रोज पाय भरतान. मंग काय रोज चोरी करतंय?”

“आवाज खाली,” देवधर म्हणाले.

मी राणेंकडे वळले. “लादीवरच्या पावलांची मापं घेतलीत?”

“नाही, मॅडम. त्या दिवशी हेड ऑफिसचे साहेब येणार होते. लादी धुवून घेतली.”

“बरं. त्या सकाळी गेटवर आणखी कोणाचे पाय पाहिलेत?”

“नाही.”

“का नाही?”

“बाकीचे कोणी खाडीवरचे नाहीत, मॅडम.”

हे ते अगदी भाबडेपणाने म्हणाले. देवधरांनी चष्मा पुसायला घेतला.

“वॉचमन रात्री मागच्या भिंतीच्या बाहेरून राउंड मारतो ना?”

“मारतो. पण तो आपला माणूस आहे.”

“आणि तुम्ही? भिंतीमागे पाहणी करायला गेला होतात ना?”

“गेलो होतो.”

“बुटांना काय लागलं?”

राणेंनी बुटांकडे पाहिलं. “चिखल.”

“मग चार्जशीट तुम्हालाही द्यायची का?”

“मॅडम, मी सिक्युरिटी ऑफिसर आहे!”

सावंत खो खो हसले. त्यांना मी गप्प बसवलं, पण मलाही हसू आवरत नव्हतं.

चहाच्या वेळी देवधर मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, हे फौजदारी कोर्ट नाही. इथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. शक्यता जास्त असली की पुरे.”

कायदा त्यांनी बरोबर सांगितला होता. “पण जास्त म्हणजे कोणापेक्षा जास्त?” मी विचारलं. “अख्ख्या शिफ्टमध्ये तुम्ही एकाचेच पाय पाहिलेत.”

“तुम्ही फारच टेक्निकल जाताय,” ते म्हणाले. आपला मुद्दा संपला की लोक दुसऱ्याला टेक्निकल म्हणतात.

मी फाइंडिंग्ज दिल्या: आरोप सिद्ध झालेला नाही. हिराजी कामावर परत आला, सोयरीकही पक्की झाली. तो मला धन्यवाद द्यायला येईल असं वाटलं होतं. तो भांडायला आला.

“सिद्ध झाला नाय म्हंजे काय, बाय? मी चोरी केली नाय असं सरल लिव ना.”

“तसं नाही लिहिता येत, हिराजीभाऊ. त्यांचा ‘म्हणून’ चुकला, एवढंच मी सांगू शकते. त्यावरून उलटं सिद्ध होत नाही.”

“म्हंजे तुला पण डाउट हाय.”

मला डाउट नव्हता. पण मला काय वाटतं याला कागदावर जागा नव्हती, आणि ते त्याला समजावताना फार वाईट वाटलं. तो मान हलवत निघून गेला. पितळ कोणी नेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. हिराजी चोर नाही, तर मग कोण, हे शोधण्यात कंपनीला काही रस उरला नव्हता.

पुढे बरेच दिवस त्या कंपनीचं काम आलं नाही. मीच फोन करून देवधरांना कारण विचारलं. ते अगदी मोकळेपणाने बोलले.

“असं आहे मॅडम, आमच्याकडे ज्यांना एन्क्वायरी मिळते, ते सगळे कंपनीच्या सोयीच्या फाइंडिंग्ज देतात. तुम्ही तशा देत नाही. म्हणून तुम्हाला एन्क्वायरी मिळणार नाही.”

फोन ठेवून मी ते उलटसुलट तपासलं. पहिलं वाक्य खरं होतं. दुसरंही खरं होतं. आणि ‘म्हणून’ कुठेही हलत नव्हता. माणसाला लॉजिक येत असतंच, फक्त ते कोणासाठी वापरायचं हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. त्या कंपनीचं काम मला पुन्हा कधीच मिळालं नाही.