कागदावरचे अमेरिकन

इस्माएल मुलगी मागायला आला, तेव्हा डॉन वेन्सेस्लाओंनी त्याचं नाव, गाव, नोकरी काहीच विचारलं नाही. ते अनवाणी अंगणात धावले आणि त्याच्या गाडीतला पोर्तो रिको बेटाचा चिमुकला झेंडा काढून दारावरच्या आपल्या झेंड्याशी ताडून पाहू लागले. तब्बल तासभर! अख्खं मायाग्वेस शहर जमलं, पाद्रीसुद्धा प्रार्थना अर्धी टाकून आला, असं इस्माएल आजही छातीठोकपणे सांगतो.

"फिकट निळा! म्हणजे स्वातंत्र्यवाला! या घरात गडद निळाच चालतो, अमेरिकेच्या झेंड्यातला!"

"उन्हानं विटलाय हो, डॉन वेन्से."

त्या विटण्यावर लग्न जमलं.

अमेरिकेच्या नुसत्या ताब्यात असलेलं पोर्तो रिको तिचं एक्कावन्नावं राज्य व्हावं, हा म्हाताऱ्याचा चाळीस वर्षांचा जप. वॉशिंग्टनात कुणी शिंकलं की हा इथे रुमाल काढणार. ज्या अध्यक्षाला मत द्यायचा याला अधिकार नाही, त्याच्या फोटोला रोज ताजी फुलं. पण व्हॉलीबॉलमध्ये बेटाची गाठ अमेरिकेशी पडली, की हाच भक्त टीव्हीसमोर किंचाळायचा, "हाणा त्या ग्रिंगोंना!"

"राज्य झालं तर आपला संघच उरणार नाही," इस्माएल म्हणायचा.

"जावईबापू, अक्कल गहाण टाकलीत का? राजकारण वेगळं, व्हॉलीबॉल वेगळा."

मग एका रविवारी तुरीच्या दाण्यांचा भात वाढता वाढता इस्माएलची मुलगी यादिरा म्हणाली, "आजोबा, मला अमेरिकेच्या व्हॉलीबॉल संघाचं बोलावणं आलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय." तिला जायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं.

म्हातारा आता छपरावर चढून नाचणार, असं इस्माएलला वाटलं. म्हाताऱ्याला ठसका लागला.

"परक्यांकडून खेळणार?"

"परके कसे? आपण अमेरिकनच, असं तुम्हीच तर म्हणता!"

"कागदावर गं, कागदावर! त्यांचा सदरा घालून दिसलीस, तर या घराची पायरी चढू नकोस."

"वा, डॉन वेन्से!" इस्माएल म्हणाला. "ज्या नवरीसाठी चाळीस वर्षं उपास केले, ती दारात आली आणि तुम्ही मांडवातून पळालात!"

म्हातारा तीन दिवस यादिराशी बोलला नाही. तिने रडून घेतलं आणि शुक्रवारी नकार कळवला.

त्या वर्षी बेटाचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. यादिरा तिन्ही सामने राखीव म्हणून बाकावर बसून होती. नोव्हेंबरात बेटाच्या भवितव्यावर सार्वमत झालं. डॉन वेन्सेंनी राज्य व्हावं म्हणूनच मत दिलं.