करंजासाठी वळलेली भिंत

आमच्या मामेसासऱ्यांइतका झाडांवर जीव टाकणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि या माणसाने आयुष्यात साधी तुळससुद्धा लावली नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. राहायला ठाकुर्लीला, नोकरीला कोपरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. साहेबांनी ठरवलेली इमारत ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायची हे त्यांचं काम, आणि इमारतीशेजारी झाड रेखाटायचं हा त्यांचा धर्म. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत झाडं पाडून भराभर इमारती उठत होत्या. मामा त्याच इमारतींच्या नकाशांत झाडं परत उभी करत होते. तीही उगाच हिरव्या ढगासारखी नाहीत. फणस असेल तर खोडाला फणस लगडलेले, शेवगा असेल तर शेंगा खाली लोंबलेल्या. एकदा मी एका नकाशावर बोट ठेवून "वा, आंबा छान आलाय" म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ती जांभूळ होती.

स्वभावाने मामा निराशेचे उपासक. "आपलं काही खरं नाही" हे त्यांचं पालुपद. दूध उतू गेलं, आपलं काही खरं नाही. पेनाच्या टोकात शाई वाळली, आपलं काही खरं नाही. माझ्या मुलीचा दहावीत पहिला वर्ग आला तेव्हा पेढा तोंडात धरून म्हणाले, "आता बारावी आहे पुढे. आपलं काही खरं नाही, जावईबापू." दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं कागदात गुंडाळून ते कायम सदऱ्याच्या खिशात बाळगत. शाईची चूक झाली की त्या पात्याने कागद इतका हलका खरवडायचे, की चूक गेली कुठे ते उजेडात धरूनही कळू नये. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्याने मुहूर्ताची वेळ चुकवली तेव्हा सासरेबुवा डोकं धरून बसले होते. मामांनी तीन दिवसांत सगळ्या पत्रिका खरवडून योग्य वेळ हाताने लिहून दिली. निम्मे लोक मांडवात मुलीपेक्षा त्या अक्षराचं कौतुक करत होते. मामींच्या वाणसामानाच्या यादीलाही ते चौकट आखत, आणि कुणाला घराचा पत्ता सांगायचा तर कागदावर आधी उत्तर दिशेचा बाण काढत. पाहुणा बाण बघत बसे आणि कल्याणला उतरे.

नव्वदच्या दशकात साहेबांनी ऑफिसात कॉम्प्युटर आणला आणि मामांच्या निराशेला कायमची नोकरी लागली. पन्नाशी उलटलेला हा माणूस नाकावर चष्मा ओढून माउस असा धरायचा, जणू तो पळून जाईल. तरी चिकाटीने शिकले. भिंती शिकले, दारं-खिडक्या शिकले, मापं शिकले. अडले ते झाडापाशी. त्या प्रोग्रॅममध्ये तयार झाडं होती, पण सगळी परदेशातली, टोकदार. "ही झाडं आहेत? मिटलेल्या छत्र्या उलट्या ठेवल्यात!" मामा करवादले. शेवटी त्यांनी स्वतःची झाडं कागदावर काढली, ठाण्यात एका दुकानात स्कॅन करून घेतली आणि चित्रं म्हणून नकाशात चिकटवायला सुरुवात केली. पहिलाच फणस चिकटवला तर त्याच्यामागच्या कोऱ्या कागदाखाली अख्खा जिना गडप झाला. साहेबांनी विचारलं, "मामा, वरच्या मजल्यावर लोकांनी फणसावरून चढायचं का?" मग ते चित्र मागे सारायला शिकले. चित्राभोवती आपोआप एक रेघेची चौकट उमटायची, ती साहेबांना पोस्टाच्या तिकिटासारखी दिसायची. मामा ती चौकट लपवायला शिकले.

एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत पचली नाही. चित्र नकाशाच्या आत जातच नाही. ते आपल्या जागी वेगळं राहतं आणि नकाशात फक्त त्याचा ठावठिकाणा लिहिलेला असतो. नकाशाची फ्लॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि चित्राची फ्लॉपी नेली नाही, तर झाडाच्या जागी काहीच नाही. "म्हणजे नकाशात झाड नाहीच, नुसता पत्ता!" मामा मला हताशपणे सांगत होते. "माणूस घरात राहत नाही आणि दारावर पाटी आहे, असा प्रकार. आपलं काही खरं नाही." त्या दिवसापासून ते कायम दोन फ्लॉप्या बरोबर ठेवू लागले. दोन्हींवर सुबक अक्षरात लेबल. एकीवर इमारतीचं नाव, दुसरीवर झाडाचं.

आणि मग शीळफाट्याच्या पुढच्या एका गावातली शाळा आली. जागेची मापं घ्यायला मामा गेले तर मोकळ्या जागेत एक जुना करंज, आणि त्याच्या सावलीत चौथीचा वर्ग भरलेला. मामांनी मापं घेतली आणि उरलेला दिवस वर्गाच्या मागे बसून करंज चितारला. नव्या इमारतीची सरळ भिंत नेमकी त्याच्यावरून जात होती. तीस वर्षांत मामांनी साहेबांची एक रेघ कधी हलवली नव्हती. या वेळी ते केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "साहेब, भिंत वळेल. करंज कसा वळणार?" साहेब दोन दिवस चिडले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. भिंतीने करंजाला वळसा घेतला. मामांनी करंजाचं चित्र त्या वळणात बसवलं. चित्रातच खाली आपल्या अक्षरात लिहिलं, "जुना करंज. हात लावू नये." हे आपलं सगळ्यात चांगलं काम, असं ते म्हणाले, आणि पुढे पालुपद लावायला चक्क विसरले.

शाळेच्या संस्थेचे इंजिनिअर पुण्याला बसत. ते म्हणाले, नकाशा पीडीएफ करून ई-मेलने पाठवा. पीडीएफ करायची सोय तेव्हा ऑफिसात नव्हती, डोंबिवलीत एका दुकानात होती. नेमके मामांचे डोळे आले. लाल डोळ्यांवर काळा चष्मा लावून ते रविवारी सकाळी आमच्या दारात उभे. "जावईबापू, एवढं करा. दोन्ही फ्लॉप्या घाला हं. दोन्ही."

दुकानदाराने पहिली घातली, नकाशा उघडला. दुसरी घातली, तर मशीन नुसतं घरघरलं. "साहेब, ही ओपन नाही होत. पण ड्रॉइंग आलंय ना पूर्ण? बघून घ्या." मी पाहिलं. भिंती होत्या, दारं होती, मापं होती. चौकट असती तर झाडाच्या जागी ती तरी रिकामी दिसली असती, पण ती मामांनीच लपवलेली, त्यामुळे काही राहिलंय असं दाखवणारी एक रेघसुद्धा तिथे नव्हती. घरी क्रिकेटची मॅच सुरू झाली होती. मी म्हटलं, "पाठवा." संध्याकाळी मामांनी विचारलं, "दोन्ही घातल्या ना?"

"हो हो, दोन्ही," मी म्हणालो.

दीड महिन्याने मामा मला हौसेने काम दाखवायला घेऊन गेले. पाया भरला होता, भिंतीचं वळणही आलं होतं. वळणाच्या पोटात बुंधा होता, हातभर उंचीचा, ताजा, पिवळसर. शाळेशेजारचा एक म्हातारा शेतकरी मामांना ओळखून पुढे आला. "मामा, नकशान झार नवता. ठेकेदार बोलला, कागदान नाय म्हंजे तोरायचा. आमी बोललो त्याला, मामांना इचार. पन कागदासमोर आमचा कोन ऐकतो?"

मी मामांकडे पाहिलं नाही. आता ते म्हणतील, आपलं काही खरं नाही, याची मी वाट पाहत होतो. त्यांनी ते म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते बुंध्याजवळ उकिडवे बसले, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चौकट मी लपवायला नको होती."

परतताना ठाकुर्लीला त्यांच्याकडे चहाला थांबलो. मामांनी कपाटातून ती दुसरी फ्लॉपी काढली. "परवा ऑफिसात घालून पाहिली. उघडत नाही. वाटलं, काम झाल्यावर बिघडली असेल. पण जुनीच होती, मीच द्यायला नको होती तुम्हाला." म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मी दुकानात काय पाहिलं आणि त्यांच्याशी काय खोटं बोललो, सगळं. त्यांच्या घराण्यात जावयाला दोष द्यायचा नाही अशी रीत होती आणि ती त्यांनी त्या दिवशीही पाळली. खिशातून अर्धं पातं काढलं आणि लेबलवरचा "करंज" हा शब्द खरवडू लागले. हलक्या हाताने, नेहमीसारखं. मामी चहा घेऊन आल्या तोवर लेबल कोरं झालं होतं. मला माफी मागायची होती, पण मी बशीत चहा ओतला.

त्यानंतर मामांनी नकाशात झाड चिकटवलं नाही. मोठ्या कागदावर छापून आलेल्या नकाशावर ते पेनाने काढत, प्रत्येक प्रतीवर वेगळं. साहेब म्हणत, मामा, किती वेळ घालवता. मामा म्हणत, "आता ते आत आहे, साहेब." मामा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि माझी माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मध्यंतरी त्या बाजूला काम निघालं म्हणून शाळेत डोकावलो. मुख्याध्यापिका तरुण होत्या. व्हरांड्यातून नेताना म्हणाल्या, "इथे भिंत उगाच वळलीय बघा. आर्किटेक्टची चूक असणार. सारखं कुणीतरी धडकतं."

"चूक नाही," मी म्हणालो. "इथे करंज होता. मामांनी मोजून जागा सोडली आहे. झाड माझ्याकडून राहिलं."

त्यांना काही कळलं नसावं. त्या घंटा द्यायला गेल्या. वळणाच्या पोटातली ती जागा अजून मोकळीच होती. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. ऊन चांगलंच लागत होतं.