डोंगराखालचा सूर्य

इंद्रायणीबाईंना त्रिकोणांचा भारी राग. गणितातल्या नव्हे, चित्रांतल्या. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य आणि वर चारच्या आकड्याचे पक्षी, हे चित्र त्यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतक्यांदा पाहिलं होतं, की स्वप्नातसुद्धा त्या ते तपासायच्या. कुरवंड्याच्या शाळेत बदली झाली आणि पहिल्याच दिवशी वर्गाच्या खिडकीतून नागफणीचा कडा दिसला, तेव्हा बाई हरखून गेल्या. आता व्याख्या पाठ करायच्या नाहीत. डोंगर, दरी, पठार, कडा, सगळं पोरांनी बघायचं आणि काढायचं. एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या? त्यांनी केंद्रप्रमुख राजेंद्रसाहेबांना फोन केला. "शुक्रवारी येऊन बघा. पटलं, तर जानेवारीत तालुक्याच्या शिक्षकांना हे मी शिकवणार." साहेब म्हणाले, "बघू." त्या एका 'बघू'वर बाई लोणावळ्याहून स्कूटीवरून गाणी म्हणत येऊ लागल्या.

सोमवारी दुसरीच्या बावीसपैकी एकवीस पोरांनी मिळून त्रिकोण काढले बेचाळीस. बाविसावी होती अपेक्षा. तिने कागदाच्या अगदी वरच्या कडेला आडवी रेघ मारली, तिच्यावर घर, म्हैस आणि आजी उभी केली आणि रेघ सरळ खाली सोडली. कागद संपला. तिने डिंकाने दुसरा जोडला, मग तिसरा. तिसऱ्याच्या तळाशी, म्हशीच्या पुष्कळ खाली, भला मोठा सूर्य रंगवला.

"अगं, पण डोंगर कुठाय?" बाईंनी विचारलं.

"ह्यो काय. आपुन डोंगरावरच हाय न्हवं."

"आणि सूर्य डोंगराच्या खाली?"

"सांजच्याला तितंच जातो, बाई."

बाईंनी लाल पेनने सूर्याशेजारी फुली मारली. सव्वीस वर्षांची सवय, हात काही विचारत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी अपेक्षाची आजी, अंबूबाई, पदर खोचून वर्गाच्या दारात हजर. "बाई, आमची पोर खोटं काढत न्हाई. सांजच्याला कड्याव या."

बाई गेल्या. कड्यावरून पाहिलं तर सगळं कोकण पायाखाली पसरलेलं. एक घार उडत होती आणि तिची चक्क पाठ दिसत होती. जन्मभर बाईंनी घारीचं पोटच पाहिलेलं. मग सूर्य उतरू लागला. उतरता उतरता समोर आला, पायांच्याही खाली गेला आणि तिथल्या धुरकटात विरघळला. बाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. त्यांनी अंबूबाईंचे हात धरले आणि सत्तरीच्या त्या म्हातारीबरोबर फुगडी घातली.

"बाई, कडेला नगं," अंबूबाई गरगरत म्हणाल्या, "हिकडं सपाटीला फिरू."

बुधवारी बाईंनी भर वर्गात सांगून टाकलं, की चूक अपेक्षाची नव्हती, माझी होती. लाल शाई पुसता येईना. अपेक्षाने थोडा विचार केला, फुलीला चोच आणि शेपूट काढलं आणि तिची घार करून टाकली. मग वर्गाला ऊतच आला. जो तो आपल्या घरापासून खाली निघाला. त्रिकोण गेले ते गेलेच. डिंकाच्या तीन बाटल्या संपल्या. शुक्रवारपर्यंत कडे भिंतीवरून उतरून फरशीवर आले होते आणि दऱ्या व्हरांड्यात पोचल्या होत्या.

साहेब आले आणि दारातच अपेक्षाने अडवलं.

"सायेब, पाय उचला. तुमी खोपोलीव उभं हाय."

साहेबांनी पाय उचलला. खाली जमिनीवर बावीस सूर्य ओळीने पडलेले पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, सूर्य वर असतो. हे घेऊन तालुक्याला गेलात तर लोक हसतील." त्यांनी तपासणीचा कागद काढला आणि लिहिलं, 'सुधारणा आवश्यक'.

बाईंना रडूच आलं. जानेवारी हातची गेली, ते एक. पण पोरं बघत होती, तीच पोरं ज्यांना त्यांनी कालपरवा खरं काढा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी नाक पुसलं. "साहेब, शेरा राहू द्या. फक्त सूर्य मावळेपर्यंत थांबा."

साहेब घड्याळ बघत नको नको म्हणत होते. पण अंबूबाईंनी चहा पाजला, वर तांदळाची भाकरी आणि पिठलं वाढलं, आणि खाल्ल्यावर कुठला माणूस नाही म्हणतो? संध्याकाळी सगळी वरात कड्यावर गेली.

सूर्य आपल्या वेळेला खाली गेला. साहेब एका दगडावर बसले, तपासणीचा कागद उलटा केला आणि अपेक्षाकडे रंगखडू मागितला. वर आडवी रेघ मारली, ती खाली सोडली आणि वीतभरातच कागद संपला.

"आता सूर्य कुठं काढू?"

अपेक्षाने फ्रॉकच्या खिशातून डिंकाची बाटली काढली. "आदी कागुद जोडा, सायेब. एकात मावत न्हाई."

साहेबांनी बॅगेतून आणखी एक कोरा कागद काढला आणि आपल्या हाताने खाली चिकटवला. बोटं शर्टाला पुसत त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"बाई, जानेवारीत डिंकाच्या किती बाटल्या लागतील?"