काठाच्या आतला पडदा

खोब्रागडे सरांशी माझी ओळख संशयातून झाली, असं गौरवग्रंथात लिहिलं तर संपादक नाराज होतील. सर होणार नाहीत. ते बालाघाटच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. एके सकाळी मी त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवली. आत रुपयाएवढ्या पारदर्शक छत्र्या उघडमीट करत वर-खाली होत होत्या.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "समुद्रावर कधी गेलती तू?"

समुद्र मी पाहिलेलाच नव्हता. कटंगीजवळ खाणीच्या जुन्या खड्ड्यात पाणी साठलेलं आहे, तिथे बाबा मासे पाळत. पाणी तिथलं होतं. या छत्र्या दिसल्यापासून बाबांनी त्यात काही विषारी सोडलं, असा गावात बोभाटा झाला होता. बाजारात आईच्या मासळीच्या टोपलीला कोणी हात लावीना आणि आमचं घर त्या टोपलीवर चालत होतं.

"हे पाणी मी मानत नाही," सर म्हणाले. "माह्या हातानं भरीन."

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. एवढा शिकलेला माणूस बसचे धक्के खात आमच्याकडे कशाला येतो? खड्ड्यावर डोळा असलेल्या कोणाचे ते सोयरे तर नसतील?

सर आले ते स्वतःचा डबा घेऊन. परक्या घरचं ते काही खात नसत, चहासुद्धा आधी हुंगत, हे साऱ्या कॉलेजला ठाऊक आहे. पाणी त्यांनी स्वतः भरलं, आमच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला आणि मला छत्रीचा काठ पाहायला लावला. काठाच्या आत एक पातळ पडदा होता, मधोमध भोक असलेला.

"खऱ्या जेलीफिशले हा पडदा नसते. हे हायड्राच्या गोतातले, हायड्रोझोआ. यातली ही जात गोड्या पाण्यात राह्यते. पुस्तकात वाचलं होतं, पण भरोसा नव्हता."

तोवर गाव जमलं होतं. "मास्तरजी, विषारी हाय का हे?"

"माणसाले नाही. पाण्यातले बारीक किडे खाते."

"पण यायनंच टाकले ना?" बोट बाबांकडे होतं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांचं एक 'नाही' पुरे होतं.

"ते मले माहीत नाही. मत्स्यबीजासंगं आले असतीन, पाखरायच्या पायाले लागून आले असतीन. जे पाह्यलं नाही, ते मी सांगत नाही."

मला संताप आला. आम्हाला वाचवायला आलेत की बुडवायला?

"मंग तुमी खासान का इथला मासा?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

सरांनी डबा पिशवीत परत ठेवला. आईला म्हणाले, "बाई, ताट वाढा." सगळ्यांदेखत त्यांनी मासा-भात खाल्ला. पुढच्या बाजारातून आई रिकामी टोपली घेऊन परतली.

आज मीही प्राणिशास्त्र शिकवते, आणि मॅडम फार शंका घेतात अशी माझ्या विद्यार्थ्यांची तक्रार आहे. सरांकडून एवढं तरी उचललं, याचा मला अभिमान वाटतो. त्या दिवशी त्यांनी ताट हुंगलं नव्हतं, हे मात्र मला वर्षानुवर्षं खुपत होतं; आमची दया आली म्हणून तर नव्हे? परवा धीर करून विचारलं, "सर, तेव्हा तुम्ही हुंगलं काहून नाही?"

"पाणी पाह्यलं होतं ना मी," ते म्हणाले.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. ते शंभर वर्षं निरोगी जगतील असं लिहिलं, तर 'कशावरून?' असं विचारतील. माझ्याकडे पुरावा नाही. पण आईने त्यांच्यासाठी दरवर्षी ताट वाढायचं ठरवलं आहे, आणि ते त्यांनी शंभरीपर्यंत न हुंगता खावं, एवढी आमची इच्छा आहे.