पत्र्यापलीकडचा शेजार

मुलीच्या क्लाससाठी लातुरात दोन खोल्या घेतल्या, तेव्हापासून आई आमच्याकडेच आहे. परवा मी आणि आई टीव्हीवर हिंदीत एक परदेशी मालिका बघत होतो. कुठल्याशा शहरात सरकार गोऱ्यांच्या वस्तीत गरीब काळ्या लोकांसाठी घरं बांधणार असतं, आणि भर सभेत गोरे लोक नगरसेवकांना शिव्या घालत असतात. आई पापणी न लववता बघत होती. तिला काय आठवत असेल, हे मला विचारावं लागलं नाही.

भूकंपानंतर आमचं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलं. त्या घाईत कोण कुणाशेजारी, हे बघायला सवड कुणाला होती? म्हणून बौद्धवाड्यातले आम्ही आणि मराठ्यांच्या गल्लीतली एक विधवा काकू शेजारी आलो. मध्ये एकच पत्रा. चहा उकळला की आई त्यावर चमचा वाजवायची आणि पलीकडून आवाज यायचा, "आले गं." दोघी एका बाजेवर बसून शेंगा फोडायच्या. "पक्क्या घरातबी मला तुझाच शेजार पाहिजे," काकू म्हणायची. आईनं ते मनावर घेतलं. दुसरं काही तिनं मागितलंच नाही.

पुढं घरवाटपाची ग्रामसभा भरली. पुनर्वसनाच्या साहेबांनी विचारलं, शेडमधल्या शेजारानं घरं द्यायची, की जुन्या गल्ल्यांप्रमाणं? मागं बसलेल्या बायकांतून आई एकटी उठली. "शेडपरमानंच द्या साहेब. आमचं जमलंय." आणि तिनं काकूकडं पाहिलं. काकूचा दीर पुढच्याच रांगेत होता. काकूनं पदर सारखा केला आणि मान खाली घातली. गल्ल्यांसाठी भराभर हात वर झाले.

गाव नवं, रस्ते रुंद, आणि आम्ही पुन्हा टोकाला. नव्या घरात एकदा आईनं सवयीनं भिंतीवर चमचा वाजवला, तर शेजारून माझा चुलता धावत आला. "काय झालं वैनी?" आई म्हणाली, "काई न्हाई." काकू बाजारात भेटायची, तब्येत विचारायची. ती वारली ते आम्हाला माती झाल्यावर कळलं. मला अजून काकूचा राग येतो. आईला कधीच आला नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

मालिकेत कुणीतरी खुर्ची आपटली. अभ्यासातून उठून आलेली मुलगी म्हणाली, "किती ओरडतात हे लोक."

"निदान ओरडले तरी," आई म्हणाली. "आपल्या सभेत कुणी ओरडलंबी न्हाई. चहा पिऊन घरी गेले सगळे."